दंडावरचे घटिकापात्र

कालगणनेच्या इतिहासात उज्जयिनीला जे स्थान आहे, ते भारतातील दुसऱ्या कोणत्याही नगरीला नाही. प्राचीन ज्योतिषग्रंथांनी लंकेपासून मेरूपर्यंत जाणारी जी मध्यरेषा कल्पिली, ती याच नगरीवरून जात असे. आणि पूर्वेकडील वा पश्चिमेकडील कोणत्याही गावाचे अंतर सांगावयाचे, तर ते या रेषेपासून सांगितले जाई. महाकालाच्या या क्षेत्रात काळ हा पूजेचा विषय होता, तसाच तो मोजणीचाही विषय होता. वराहमिहिरासारखा गणिती सहाव्या शतकात याच अवंती देशात होऊन गेला, हा काही केवळ योगायोग नव्हे.

काळ मोजण्याची साधने त्या काळी दोन प्रकारची होती. एक छायेचे, म्हणजे शंकूचे. सूर्य आकाशात असेतो ते बोले. ढग आले वा रात्र पडली, की ते मुके होई. दुसरे पाण्याचे, म्हणजे घटिकापात्राचे. तांब्याची एक वाटी, तिच्या बुडाला सूक्ष्म छिद्र. ती पाण्याने भरलेल्या घंगाळात तरंगत ठेवावयाची. पाणी आत येत येत २४ मिनिटांनी वाटी बुडाली, की एक घटका भरली. अशा ६० घटका म्हणजे एक अहोरात्र. आपल्याकडील जुन्या लग्नघरांत जोशीबुवा याच वाटीकडे डोळे लावून बसत आणि घटका भरल्याचे मोठ्याने सांगत. छायायंत्र मधूनमधून बोलते, घटिकापात्र अहोरात्र बोलते, हा दोहोंतील खरा भेद. मात्र अखंड चालणाऱ्या या यंत्राशेजारी एक जागता माणूस बसलेला असावा लागे. वाटी बुडाली आणि कोणी पाहिलेच नाही, तर ती घटका भरूनही न भरल्यासारखीच.

हा भेद आज नव्याने आठवण्यास एक कारण घडले आहे. मधुमेहाने पीडित असलेल्या, आणि कित्येकदा पीडित नसलेल्याही, माणसांच्या दंडावर अलीकडे एक पांढरी चकती चिकटवलेली दिसते. जुन्या चांदीच्या रुपयाहून ती किंचित मोठी असते आणि दिवसरात्र अंगावर राहून शरीरातील साखर मोजते. बोट टोचून साखर पाहणे हे छायायंत्रासारखे होते. हे नवे साधन घटिकापात्रासारखे आहे. ही अखंड मोजणी मनुष्याच्या हाती कशी आली, तिने काय साधले आणि तिच्या शेजारी आज कोण जागत बसले आहे, हे पाहणे उद्बोधक ठरेल.

परंपरा अशी सांगते, की विक्रमादित्याच्या नवरत्नांत धन्वंतरी हा वैद्य आणि वराहमिहिर हा ज्योतिषी शेजारी शेजारी बसत. हे सारे पुरुष समकालीन होते, असे इतिहास मानीत नाही. तरीही काळ मोजणारा आणि रोग ओळखणारा यांना लोकमानसाने एकाच सभेत आसन दिले, यात एक मर्म आहे. आपल्या वैद्यांना मधुमेह फार पूर्वीच ठाऊक झालेला होता. चरक आणि सुश्रुत यांच्या संहितांत प्रमेहाचे २० प्रकार वर्णिले आहेत व त्यांत मधुमेहाची गणना आहे. रोग्याच्या मूत्राकडे मुंग्या धाव घेतात, हे लक्षण त्यांनी टिपून ठेवले. मुंगी हेच त्या काळचे साखर तपासण्याचे पहिले साधन, असे म्हटल्यास वावगे होणार नाही.

सुश्रुताची दृष्टी याहूनही खोल गेली होती. प्रमेहाचे त्याने दोन भेद मानले. एक जन्मापासून बीजदोषाने येणारा, दुसरा अपथ्य आहाराने व बैठ्या राहणीने जडणारा. पहिल्याचा रोगी कृश असतो आणि दुसऱ्याचा बहुधा स्थूल असतो, हेही त्याने पाहिले. निर्धन रोग्याने पादत्राण व छत्री यांवाचून, भिक्षेवर राहून शंभर योजने चालावे, कोणी विहीर खणावी, असे उपाय त्याने सांगितले. आणि त्याबरोबरच कृश रोग्याला मात्र जपावे, असे बजावले. आज ज्याला टाइप १ आणि टाइप २ म्हणतात, त्या भेदाची ही चाहूलच होय. परंतु हे सारे निरीक्षण होते, मापन नव्हते. मुंगी साखर आहे एवढे सांगे. किती आहे, हे सांगणे तिच्या आवाक्याबाहेरचे होते.

किती, या प्रश्नाचे उत्तर मिळण्यास पुढे कित्येक शतके लोटली. इंग्लंडात टॉमस विलिस या वैद्याने १६७४ साली या रोग्यांचे मूत्र मधासारखे गोड असल्याचे नमूद केले. त्यानंतर शंभर वर्षांनी, १७७६ साली, लिव्हरपूलच्या मॅथ्यू डॉबसनने असे मूत्र आटवून तळाशी राहिलेला पदार्थ दाखविला आणि तो साखरच असल्याचे प्रतिपादन केले. एवढेच नव्हे, तर या रोग्याच्या रक्ताचा द्रवही गोड असतो, हे त्याने ओळखले. याचा अर्थ असा, की रोग मूत्रपिंडांचा नसून साऱ्या शरीराचा आहे. पुढे १९०८ च्या सुमारास अमेरिकेतील स्टॅन्ली बेनेडिक्ट याने निळे द्रावण सिद्ध केले. त्यात मूत्राचे काही थेंब टाकून ते उकळावयाचे. साखर नसेल तर रंग निळाच राही आणि साखरेच्या प्रमाणानुसार तो हिरवा, पिवळा, नारिंगी व शेवटी विटकरी होई. काचेची नळी, स्पिरिटचा दिवा आणि निळ्या द्रावणाची बाटली ही सामग्री पुढे अनेक दशके मधुमेही माणसाच्या घरातील फडताळात औषधांच्या शेजारी राहिली.

या परीक्षेत एक मोठे वैगुण्य होते. १०० मिलिलिटर रक्तात साखर सुमारे १८० मिलिग्रॅमच्या वर गेली, तरच ती मूत्रात उतरते. त्याखाली ती किती आहे, हे निळ्या द्रावणाला कळत नसे. आणि ती धोकादायक इतकी खाली गेली, तरी रंग निळाच. शिवाय मूत्र सांगे ते काही तासांपूर्वीचे वर्तमान. गाडी निघून गेल्यावर फलाटावर पाटी लागावी, तशातला तो प्रकार.

इन्शुलिनचा शोध लागेपर्यंत हे वैगुण्य फारसे बोचले नाही, कारण साखर कळली तरी उपाय हाती नव्हता. १९२१ साली कॅनडातील टोरांटो येथे बँटिंग आणि बेस्ट यांनी इन्शुलिन वेगळे काढले आणि जानेवारी १९२२ मध्ये लिओनार्ड टॉम्सन या १४ वर्षांच्या मुलाला ते प्रथम टोचण्यात आले. ज्या रोगाने मुले महिन्यांत कोमेजून जात, त्यात आता आयुष्य मिळू लागले. पण या संजीवनीला धार होती. मात्रा कमी पडली तर साखर चढे, अधिक झाली तर ती इतकी उतरे, की रोगी घामाघूम होऊन बेशुद्ध पडे. औषध जितके प्रभावी, तितकी मोजणी नेमकी हवी, हे तत्त्व वैद्यकाला इन्शुलिनने शिकविले. आपल्याकडे १९५५ साली मुंबईत डॉ. एस. एस. आजगावकर यांच्या पुढाकाराने भारतीय मधुमेह संघाची स्थापना झाली. रोग्याला स्वतःच्या रोगाचे ज्ञान देणे हाही उपचाराचा भाग आहे, हा विचार त्यानंतर आपल्या देशात रुजू लागला. डॉ. आजगावकरांनी प्राचीन आयुर्वेदातील मधुमेहावरही लेखन केले. जुन्याची जाण आणि नव्याचा स्वीकार यांचा असा मेळ दुर्मीळ असतो.

मूत्राकडून रक्ताकडे वळण्याची वाट १९६० नंतरच्या दशकात मोकळी झाली. ग्लुकोज ऑक्सिडेज नावाचे एक विकर, म्हणजे एन्झाइम, इतर कशाला न शिवता नेमक्या ग्लुकोजवरच क्रिया करते. ते कागदाच्या पट्टीवर बसविले आणि तिच्यावर रक्ताचा थेंब ठेवला, की पट्टीचा रंग पालटू लागला. डोळ्यांनी रंग जोखण्यात चूक होई, म्हणून तो रंग वाचणारे यंत्र १९७० साली अमेरिकेत विक्रीस आले. वजनाने सुमारे दीड किलो, किंमत सुमारे साडेसहाशे डॉलर, आणि ते विकत घेण्याचा अधिकार केवळ डॉक्टरांना व रुग्णालयांना.

येथे या इतिहासातील एक विलक्षण प्रकरण घडते. न्यूयॉर्कचे रिचर्ड बर्नस्टाइन हे पेशाने अभियंता. वयाच्या बाराव्या वर्षापासून त्यांना मधुमेह होता आणि त्याचे दुष्परिणाम तरुणपणीच अंगावर दिसू लागले होते. या यंत्राची जाहिरात त्यांच्या वाचनात आली. पण ते डॉक्टर नव्हते. त्यांची पत्नी मात्र डॉक्टर होती. तिच्या नावावर त्यांनी यंत्र मागविले आणि दिवसातून अनेक वेळा स्वतःची साखर मोजण्यास प्रारंभ केला. कोणत्या अन्नाने ती किती चढते, किती इन्शुलिनने किती उतरते, याचा त्यांनी अभियंत्याच्या शिस्तीने ताळा मांडला. प्रकृती सुधारली. हा अनुभव वैद्यकाच्या नियतकालिकांनी छापण्यास नकार दिला, तेव्हा या गृहस्थांनी वयाच्या पंचेचाळिशीत वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश घेतला आणि ते स्वतःच डॉक्टर झाले. २०२५ साली, वयाच्या नव्वदीत, त्यांचे निधन झाले. आपल्या रोगाचे माप आपल्याच हाती असावे, या आग्रहासाठी एका रोग्याने केलेली ही साधना मोजणीच्या इतिहासात कोणत्याही यंत्राइतकीच मोलाची आहे.

त्यांचे म्हणणे खरे होते, याला पुढे भक्कम आधार मिळाला. अमेरिका व कॅनडा येथील टाइप १ च्या १४४१ रुग्णांची अनेक वर्षे पाहणी करून १९९३ साली जो निष्कर्ष प्रसिद्ध झाला, त्याने सिद्ध केले, की वारंवार मोजून साखर काटेकोर आवरली, तर डोळे, मूत्रपिंड व मज्जातंतू यांची हानी पुष्कळच टळते. डोळ्यांचा विकार नव्याने जडण्याचा धोका तर सुमारे तीन-चतुर्थांशाने घटला. तेव्हापासून घरोघरी ग्लुकोमीटर आले. तरीही सुई बोटात आणि थेंब पट्टीवर, हा क्रम सुटला नव्हता. दिवसाकाठी चार वेळा टोचले, तरी चार क्षणांचीच साखर कळे. मधल्या साऱ्या वेळात काय घडले, ते अंधारातच राही. रात्रीच्या झोपेत साखर उतरणे हे तर साऱ्यांत भयंकर. टाइप १ च्या लहान मुलांच्या किती माता पहाटे तीनचा गजर लावून झोपलेल्या मुलाचे बोट टोचीत आल्या असतील, याची गणती कोणत्याही ग्रंथात नाही.

अखंड मोजणीची कल्पना आली ती शस्त्रक्रियागृहातून. लेलँड क्लार्क या अमेरिकी संशोधकाने रक्तातील प्राणवायू मोजणारे विद्युदग्र आधीच तयार केले होते. १९६२ साली चॅम्प लायन्स यांच्या साह्याने त्याने असे सुचविले, की या अग्रावर ग्लुकोज ऑक्सिडेजचा थर दिला, तर हृदयाच्या शस्त्रक्रियेत रोग्याची साखर सतत मोजता येईल. रंगाची जागा विद्युत्प्रवाहाने घेतली, ती येथे. या कल्पनेतून अंगावर बाळगण्याजोगे साधन उतरण्यास मात्र आणखी जवळपास चार दशके लागली. १९९९ साली अमेरिकेत मान्यता मिळालेले पहिले यंत्र तीन दिवस साखर टिपी, पण तो वृत्तान्त नंतर डॉक्टरच वाचीत. रोग्याला त्या वेळी काही कळत नसे. २००१ साली मनगटी घड्याळासारखे एक यंत्र आले. विजेच्या मंद प्रवाहाने ते त्वचेतून द्रव ओढी. त्याने त्वचा लाल होई, आकडेही पुरते भरवशाचे नसत. लवकरच ते बाजारातून दिसेनासे झाले. २०१४ साली युरोपात फ्रीस्टाइल लिब्रे हे साधन आले आणि सामान्य माणसाची बोट टोचण्यातून बरीचशी सुटका झाली. त्याचा डॉक्टरांसाठीचा प्रकार २०१५ साली आणि रुग्णांनी स्वतः वापरावयाचा प्रकार २०२० साली भारतात उपलब्ध झाला.

या चकतीची रचना सुबोध आहे. तिच्या पोटातून केसासारखा बारीक, सुमारे पाच मिलिमीटर लांबीचा तंतू त्वचेखाली जातो. तो रक्तवाहिनीत शिरत नाही. पेशींच्या भोवती जो द्रव असतो, त्यात तो राहतो. तंतूवरील विकर त्या द्रवातील ग्लुकोजवर क्रिया करते, त्यातून अत्यल्प विद्युत्प्रवाह उत्पन्न होतो आणि साखर जितकी अधिक, तितका प्रवाह अधिक. हा प्रवाह आकड्यात रूपांतरित होऊन बिनतारी संदेशाने मोबाइलवर उमटतो. प्रचलित चकती १४ दिवस चालते. साखर फार उतरू लागली, तर नव्या यंत्रांचा गजर घरातल्यांना जागे करतो. पहाटे तीनला उठणाऱ्या त्या मातांच्या दृष्टीने हा गजर म्हणजे केवढा आधार आहे, हे निराळे सांगावयास नको.

भारतात या साधनाचा प्रसार वेगाने का झाला, हे समजण्यास फार दूर जावे लागत नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या सहकार्याने झालेल्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यांनुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे आणि सुमारे १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी दाखवून दिले आहे, की दिसण्यात सडपातळ असलेल्या भारतीय देहातही चरबीचे प्रमाण अधिक असते व ही ठेवण जन्मतःच दिसून येते. म्हणूनच अंगाने स्थूल नाही, एवढ्यावर विसंबून चालत नाही. मोजावेच लागते.

आणि अखंड मोजणी सुरू झाली, की ताटातील गुपिते उघडी पडतात. उज्जैनचेच उदाहरण घ्यावे. सकाळी पोहे-जलेबी, रविवारी दाल-बाफले व लाडू, सणावारी रबडी, असा माळव्याचा पाहुणचार. राणोजी शिंद्यांच्या काळापासून तेथे स्थायिक झालेल्या मराठी घरांनी त्यात पुरणपोळी आणि श्रीखंड यांची भर घातली. जलेबी साखर वाढविते, हे कोणालाही ठाऊक आहे. पण पोहे म्हणजे अखेर तांदूळच, आणि नुसते पोहेही आलेख उंच नेऊ शकतात, हे कित्येकांना चकती लावल्यावरच समजते. श्रावणी सोमवारी महाकालाच्या सवारीच्या दिवशी उपवास करावा आणि साबुदाण्याची खिचडी पोटभर खावी, तर साबुदाण्याचा पिठूळपणा मोबाइलवरील रेषेत डोंगरासारखा उभा राहतो. एकादशी आणि दुप्पट खाशी, या म्हणीला यंत्राने दिलेली ही साक्षच. उलट इन्शुलिन वा साखर उतरविणाऱ्या गोळ्या घेणाऱ्याने कडकडीत उपवास केला, तर तीच रेषा दरीत कोसळते. जेवणानंतर पंधरा-वीस मिनिटे पायी फिरून आल्यास चढ कसा बोथट होतो, हेही ती दाखविते. सुश्रुताने सांगितलेल्या शंभर योजनांचा अर्थ असा डोळ्यांपुढे उभा राहतो. वैद्याने दहा वेळा सांगून जे पटत नाही, ते स्वतःच्या देहाचा आलेख एका दिवसात पटवून देतो. या साधनाच्या लोकप्रियतेचे खरे बीज येथे आहे.

तथापि माप हाती आले, म्हणजे ज्ञान हाती आले, असे नव्हे. याचा धडा उज्जैनच्याच वेधशाळेत मिळतो. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात जयपूरचा सवाई जयसिंह माळव्याचा सुभेदार असताना त्याने क्षिप्रेच्या काठी ही वेधशाळा उभारली. पुढे ती मोडकळीस आली. सिद्धान्तवागीश नारायणजी व्यास आणि गोविंद सदाशिव आपटे या ज्योतिर्विदांच्या सूचनेवरून माधवराव शिंदे यांनी १९२३ साली तिचा जीर्णोद्धार केला आणि आपटे तिचे पहिले अधीक्षक झाले. १९४२ पासून तेथून ग्रहस्थितीचे पंचांगही निघू लागले. तेथील सम्राट यंत्राच्या छायेवरून वेळ वाचता येते. पण ती उज्जैनची स्थानिक सौरवेळ. भारतीय प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंश रेखांशाची, उज्जैन सुमारे पावणेशहात्तर अंशांवर. या अंतराची सुमारे २७ मिनिटे तीत मिळवावी लागतात. त्याखेरीज सूर्याच्या गतीतील फरकामुळे दर दिवशी बदलणारा एक संस्कार करावा लागतो. त्यासाठी तेथे कोष्टक दिलेले आहे. यंत्र खोटे बोलत नाही. पण कोष्टकावाचून ते वाचणारा मात्र फसतो.

दंडावरच्या चकतीलाही असे कोष्टक लागते. ती रक्त मोजीत नाही, पेशींभोवतीचा द्रव मोजते. आणि रक्तातील बदल तेथे पोहोचण्यास काही मिनिटे लागतात. साखर वेगाने चढत वा उतरत असेल, तर चकतीचा आकडा रक्ताच्या मागे राहतो. त्या कुशीवर झोपल्याने दंड दाबला गेला, तर साखर नसतानाच उतरल्याची हाकाटी होते. अंगाची लक्षणे एक सांगतात आणि आकडा दुसरेच सांगतो, अशा वेळी बोट टोचून खात्री करणे हेच शहाणपण. शिवाय एखादा आकडा पाहून घाबरण्यापेक्षा दिवसाचा किती भाग साखर मर्यादेत राहिली, हे पाहणे अधिक श्रेयस्कर. तज्ज्ञांनी २०१९ साली जे प्रमाण ठरविले, त्यानुसार बहुतेक मधुमेहींची साखर दिवसाचा ७० टक्क्यांहून अधिक काळ ७० ते १८० मिलिग्रॅमच्या दरम्यान राहावी. घटका मोजणाऱ्याने वाटीतील प्रत्येक थेंबाचा धसका घेऊ नये. वाटी बुडण्यावर लक्ष ठेवावे.

लोकप्रियतेबरोबर तिची सावलीही येते. त्वचेला न टोचता साखर सांगतो, असा दावा करणारी घड्याळे व अंगठ्या बाजारात आणि मोबाइलवरील जाहिरातींत दिसू लागल्या. असे कोणतेही घड्याळ वा अंगठी आपण मान्य केलेली नाही, असा इशारा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये दिला. अशा खोट्या आकड्यावर विसंबून कोणी इन्शुलिनची मात्रा घेतली, तर तो खेळ जिवावर बेततो. त्याच वर्षी तेथे इन्शुलिन न घेणाऱ्यांसाठी आणि निरोगी माणसांसाठीही डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून मिळणाऱ्या खऱ्या चकत्यांना परवानगी मिळाली. निरोगी माणसाने पंधरवडाभर कुतूहलाने आपले शरीर पाहिले, तर त्यात गैर नाही. पण जेवणानंतर साखर थोडी चढणे हा देहधर्म आहे, रोग नव्हे. हे न जाणणारा माणूस प्रत्येक घासाला भिऊ लागतो आणि निरोगी असून मनाने रोगी होतो.

यापेक्षाही गंभीर प्रश्न निराळा आहे. ज्याला या मोजणीची सर्वांत अधिक गरज, त्याच्या दंडावर ती चकती आहे काय? टाइप १ मधुमेहाची मुले जगात सर्वाधिक असलेल्या देशांत भारताची गणना होते. या मुलांना जन्मभर दररोज इन्शुलिन घ्यावे लागते आणि त्यांची साखर दिवसातून अनेक वेळा वरखाली होते. ब्रिटनमध्ये टाइप १ च्या सर्व रुग्णांना अशी अखंड मोजणी उपलब्ध करून द्यावी, अशी अधिकृत शिफारस २०२२ साली झाली. आपल्याकडे तिचा खर्च बहुतांशी रोग्याच्या खिशातूनच होतो. १४ दिवसांच्या एका चकतीची किंमत पाच हजार रुपयांच्या आसपास धरली, तर वर्षाला २६ चकत्या, म्हणजे सव्वा लाखाहून अधिक रुपये होतात. एखाद्या शेतमजुराच्या वा हातगाडीवाल्याच्या घरात हा आकडा उच्चारण्याचीही सोय नाही. तेथे इन्शुलिन आणि साधी पट्टी नियमाने मिळाली, तरी खूप झाले. परिणाम असा, की सणाचे गोड खाऊन कुतूहलाने आलेख पाहणाऱ्याच्या दंडावर चकती आहे आणि झोपेत साखर उतरून ज्याचा प्राण जाऊ शकतो, त्या मुलाच्या दंडावर ती नाही.

हा दोष चकतीचा नव्हे. मोजणीच्या प्रत्येक साधनाने प्रथम श्रीमंतांच्या दारी वस्ती केली आणि मग ते सर्वांचे झाले, असाही इतिहास आहे. १९७० साली साडेसहाशे डॉलरचे असलेले यंत्र आज औषधाच्या कोणत्याही दुकानात सामान्य माणसाला घेता येईल अशा किमतीत मिळते. परंतु किंमत आपोआप उतरेल, म्हणून वाट पाहत बसणे हे ज्याचे मूल आजच्या रात्री झोपले आहे, त्याला परवडणारे नाही. सरकारी रुग्णालयांतून निदान टाइप १ च्या मुलांना आणि इन्शुलिन घेणाऱ्या गर्भवतींना ही मोजणी मिळावी, आणि ती वाचून दाखविणारा शिकलेला परिचारक तेथे असावा, ही मागणी चैनीची म्हणता येणार नाही.

फेब्रुवारी २०२४ मध्ये उज्जैनच्या वेधशाळेच्या आवारात एक नवे घड्याळ उभे राहिले. जुन्या मुहूर्तगणनेप्रमाणे काळ दाखविणारे हे यंत्र उंच मनोऱ्यावर बसविलेले आहे. उंचावर बसविण्याचा हेतू उघड आहे: येणाऱ्या-जाणाऱ्या सर्वांना ते दिसावे. जुन्या काळीही तसेच होते. घटिकापात्र राजवाड्यात वा देवळात एकाच जागी असे. पण वाटी बुडाली, की तेथला माणूस झांजेवर टोला देई आणि तो टोला हवेलीत जसा ऐकू जाई, तसाच वेशीबाहेरच्या झोपडीतही. वाटी एकाची होती, घटका सर्व गावाची होती. मनुष्याच्या देहातील साखरेची घटका मोजण्याचे साधन आता सिद्ध झाले आहे. तिचा टोला अद्याप साऱ्या गावाला ऐकू जात नाही.